जंगल राखणारी माणसं: शिकारीविरुद्धच्या लढ्याबद्दल इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी रालामंडल, चोरल, जानापावला जाणारी आणि सुट्टीत सातपुडा, कान्हा किंवा ताडोबा गाठणारी इंदूरची मराठी मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं जमतील तितकी नेमकी दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण तिथं आटोपतं घेतलं असतं तर ती अर्धवट राहिली असती.

शिकाऱ्यांना प्रत्यक्ष सामोरं कोण जातं?

वनरक्षक, म्हणजे बीटगार्ड. आपल्या मध्यप्रदेशात गावोगावी त्याला नाकेदार म्हणतात. त्याच्या वर डेप्युटी रेंजर, त्यावर रेंजर, त्यावर डीएफओ, म्हणजे वनमंडळाचा प्रमुख अधिकारी. व्याघ्रप्रकल्पात डीएफओच्या जागी उपसंचालक आणि क्षेत्रसंचालक येतात. एका वनरक्षकाकडे दहा-पंधरा चौरस किलोमीटरचा बीट, म्हणजे राखायला नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. रालामंडल अभयारण्य अवघं अडीच चौरस किलोमीटरच्या आत आहे, त्यावरून अंदाज करा.

वनरक्षकाबरोबर गश्तीच्या कॅम्पवर दोन-तीन सुरक्षा श्रमिक राहतात. ते बहुधा जवळच्याच गावचे गोंड, कोरकू, बैगा किंवा भिलाला असतात आणि रोजंदारीवर काम करतात. वाट, वास, पाऊलखूण, पक्ष्यांची ओरड यांचं ज्ञान सर्वांत जास्त त्यांच्याकडेच असतं, आणि नोकरीचं संरक्षण सर्वांत कमीही त्यांनाच. शौर्याचा विषय निघाला की गणवेशातल्या माणसाचा फोटो छापला जातो. त्याच्यापुढे दहा पावलं चालणारा श्रमिक फोटोत नसतो, हे आम्हाला फार खटकतं.

रोजची गश्त म्हणजे नेमकं काय करतात?

चालतात. पहाटे निघून पाच-सात तास, आणि संध्याकाळी किंवा रात्री पुन्हा. व्याघ्रप्रकल्पांत 2010 पासून एम-स्ट्राइप्स ही प्रणाली वापरली जाते. फोनमधलं ॲप चाललेली वाट नोंदवत राहतं, आणि दिसलेली विष्ठा, पंजाचा ठसा, झाडावरचा ओरखडा, तोडलेलं झाड, माणसाची पायवाट, हे सगळं जागेच्या अक्षांश-रेखांशासह भरायचं असतं. महिन्याच्या शेवटी नकाशावर कोरा राहिलेला तुकडा दिसला की पुढच्या महिन्यात आधी तिथं जायचं. शिकारीही असेच कोरे तुकडे हुडकत असतो.

डोळे कशावर ठेवायचे हे ऋतूप्रमाणे बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली: फुलं वेचायला पाला जाळतात, त्यातून वणवा पेटतो, आणि पहाटे त्याच मोहाखाली अस्वल आलेलं असतं. मे महिन्यात पाणवठ्यावर: पाण्याच्या काठी मेलेले बेडूक, मासे किंवा पक्षी दिसले, तर विषाची शंका घ्यायची. आसपासचे छोटे डबके काट्यांनी बुजवून एकच डबकं उघडं ठेवलेलं दिसलं तर शंका जवळजवळ खात्रीत बदलते. अशा वेळी पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून सील करायचा, डबकं झाकायचं आणि प्राण्यांसाठी दुसरीकडे पाणी सोडायचं. हिवाळ्यात, पिकं उभी असताना, शेताच्या बांधावर जास्त लक्ष लागतं.

फास शोधायला चार-सहा जण एका रांगेत, एकमेकांपासून पाच-दहा मीटरवर चालतात. हातातल्या काठीनं पायापुढचं गवत चाळत जायचं. फास बहुधा मोटारसायकलच्या क्लच वायरचा किंवा साध्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेचा असतो आणि गंजून मातीच्या रंगाचा झालेला असतो. तार सहजी दिसत नाही, म्हणून तिच्या आजूबाजूच्या खुणा पाहायच्या: ताजी तासलेली खुंटी, काटक्यांचं विनाकारण घातलेलं कुंपण आणि त्यात सोडलेली एक फट. घाईत चाललं की हे डोळ्यांतून निसटतं. तासाला एक किलोमीटरचा वेगसुद्धा यात जास्त होतो.

शिकार म्हणजे वाघाचीच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. बहुतेक फास रानडुक्कर, चितळ, नीलगाय यांच्या मांसासाठी लावलेले असतात. तार मात्र प्राणी ओळखत नाही. डुकरासाठी सोडलेल्या विजेच्या तारेत वाघ, बिबट्या, अस्वल, गाय आणि माणूसही मरतो. 2022 च्या गणनेत मध्यप्रदेशात 785 वाघ अंदाजले गेले, देशात सर्वांत जास्त. त्यातले कितीतरी अभयारण्याच्या सीमेबाहेर, शेत आणि गाव यांच्यामधून फिरतात. 2023 च्या मे महिन्यात आपल्या महूमध्ये वाघ आला होता, तो असाच. म्हणून साध्या वनमंडळातल्या, पर्यटक कधी न फिरकणाऱ्या बीटवरच्या नाकेदाराचं काम कान्हातल्या गार्डइतकंच मोलाचं आहे.

विजेची तार कशी शोधतात? हात लावायला भीती वाटत नाही?

वाटते, आणि वाटायलाच हवी. जंगलाकडेच्या 11 केव्ही लाइनवर आकडा टाकून उघडी तार जमिनीलगत खुंट्यांवरून नेलेली असते. प्राणी चिकटला की फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघालेली ती लाइन, ट्रिप होण्याची (आपोआप बंद पडण्याची) शक्यता असते. त्यामुळे रात्री अवेळी फीडर ट्रिप झाला की सबस्टेशनवरून वनविभागाला कळवायची पद्धत अनेक ठिकाणी बसवली आहे. निरोप आला की गश्तीदल त्या लाइनखालून चालत निघतं.

तार दिसल्यावरचा क्रम ठरलेला आहे. आहे तिथंच थांबायचं, टॉर्च तारेवर धरून ती कोणीकडे जाते ते पाहायचं, सगळ्यांना मागं घ्यायचं. सबस्टेशनला फोन करून त्या फीडरचं शटडाउन घ्यायचं. लाइनमन येईपर्यंत कोणीही तारेला, खुंटीला किंवा मेलेल्या प्राण्याला शिवायचं नाही. लाइनमन डिस्चार्ज रॉडनं लाइन अर्थ करतो, मगच आकडा उतरतो, आणि तो जप्तीत येतो.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. एक, एकाच गावावरून दोन फीडर गेलेले असतात आणि शटडाउन दुसऱ्याचंच घेतलं जातं. दोन, शटडाउन घेतलेलं असताना ड्यूटी बदलते आणि नवा ऑपरेटर पुरवठा सुरू करतो. म्हणून खांबाचा क्रमांक वाचून सांगायचा, आणि काम संपेपर्यंत एक माणूस सबस्टेशनशी फोनवर ठेवायचा. तीन, ओली जमीन. पावसात तारेपासून दहा मीटरवरही सुरक्षित आहोत असं धरून चालू नये. रात्री दोन वाजता, भिजलेल्या शेतात, आकडा टाकणारा जवळच्या अंधारात बसलेला असू शकतो हे ठाऊक असताना, हा सगळा क्रम न चुकता पाळायचा असतो. शौर्य हा शब्द आम्ही याच कामासाठी वापरतो.

आणि लोखंडी खटका?

वाघाचा पंजा अडकवायला दात असलेला लोखंडी सापळा पायवाटेवर मातीखाली पुरतात. वाघाचं पाऊल नेमकं तिथं पडावं म्हणून आजूबाजूला काटे-दगड मांडलेले असतात. मांडणी नैसर्गिक वाटत नसेल तर पाऊल टाकायचं नाही, काठीनं लांबून दाबून पाहायचं. खोल शोधणारे मेटल डिटेक्टर यासाठी वापरतात. प्राणी अडकलेला असेल तर सोडवायला धावायचं नाही: लोकांना दूर ठेवायचं आणि भूल देणाऱ्या पशुवैद्यकाची वाट पाहायची. जखमी वाघ साखळीसकट झेप घेतो.

बंदूक असते, मग चालवत का नाहीत?

सगळ्यांकडे नसतेच. काठी, टॉर्च आणि वॉकीटॉकी एवढंच घेऊन निघणारे पुष्कळ आहेत. जिथं बंदूक आहे तिथंही ती चालवण्याचा अधिकार पोलिसांसारखा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये विदिशा जिल्ह्यातल्या लटेरी इथं लाकूडतोडीच्या संशयावरून वनकर्मचाऱ्यांनी केलेल्या गोळीबारात एका आदिवासी माणसाचा मृत्यू झाला आणि कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर राज्यभर वनकर्मचाऱ्यांनी आपली शस्त्रं जमा केली. आमचं मत स्पष्ट आहे: गेलेला जीव हा जीवच असतो, त्याची चौकशी झालीच पाहिजे. पण बंदूक हातात द्यायची आणि ती कधी चालवायची याचा स्पष्ट नियम व सराव द्यायचा नाही, यात गावकऱ्याचंही नुकसान आहे आणि गार्डचंही.

समोरची बाजू मात्र शस्त्र वापरताना थांबत नाही. 14 मे 2022 च्या पहाटे गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळवीट मारणाऱ्यांनी तीन पोलिसांना गोळ्या घालून ठार केलं. त्या पोलिसांकडे तर सरकारी शस्त्रं होती. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वनकर्मचाऱ्यांना शस्त्रं, चिलखती जाकीट आणि हेल्मेट देण्याचा विचार व्हावा, असं म्हटलं होतं.

मृत्यू शिकाऱ्यांच्या गोळीनंच होतात का?

गोळी हे एक कारण. कर्नाटकचे वनाधिकारी पी. श्रीनिवास यांना 10 नोव्हेंबर 1991 रोजी चंदनतस्कर वीरप्पननं शरण येण्याच्या बहाण्यानं बोलावून मारलं. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. पण बरेचसे मृत्यू बातमीत येत नाहीत: पुरात वाहून जाणं, वणव्यात घुसमटणं, अस्वल, हत्ती, मलेरिया, साप.

20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबात, कोलारा क्षेत्रात, वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या चिन्हसर्वेक्षणासाठी पायी निघाल्या होत्या. वाटेत वाघीण दिसली. त्यांनी थांबून वाट पाहिली, मग वळसा घालून जायचं ठरवलं, आणि वाघिणीनं त्यांना ओढून नेलं. बरोबरच्या श्रमिकांना काही करता आलं नाही. वाघांचे जे आकडे आपण अभिमानानं सांगतो, ते असे पायी चालून गोळा झालेले असतात.

सापाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे टाळता येण्यासारखं आहे. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखत नाही, आणि जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या जड झाल्यावर जागा होतो. म्हणून कॅम्पवर खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवीच. दंश झाला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही. पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयातच न्यायचं. पहिली मात्राच साधारण आठ-दहा वायलची (कुप्यांची) असते, त्यामुळे निघतानाच फोन करून साठा विचारायचा. औषध संपलेल्या ठिकाणी पोचण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

पावसाळ्यात पार्क बंद असतात. तेव्हा तरी विश्रांती मिळते ना?

उलट. 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांच्या गाड्या बंद, रस्ते चिखलात, नाले भरलेले, आणि पावसाच्या आवाजात बंदुकीचा बार विरून जातो. शिकाऱ्याला हेच हवं असतं. या तीन महिन्यांत पायी आणि हत्तीवरून गश्त वाढवतात. नाल्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर ओलांडायचं नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पलीकडे कॅम्पवर साथीदाराचं रेशन संपलेलं असलं की तो मोडला जातो.

पकडलेले शिकारी सुटतात कसे?

बहुतेक वेळा कागदावर. वन्यजीव गुन्ह्यात न्यायालय पोलिसांच्या एफआयआरवर अवलंबून नसतं. वनरक्षक पीओआर (गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडतो, तपास वनविभाग करतो, आणि अधिकृत अधिकारी थेट न्यायालयात परिवाद (तक्रार) दाखल करतो. म्हणजे रात्रभर जंगल तुडवलेल्या माणसालाच सकाळी तपासअधिकारी व्हावं लागतं.

घटनास्थळ आधी दोरीनं बंद करायचं. आत जाण्या-येण्याची एकच वाट ठेवायची. प्रत्येक वस्तूचा फोटो दोनदा घ्यायचा, एक लांबून आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून. मौका पंचनामा, जप्तीनामा, नकाशा, दोन स्वतंत्र पंच. मांस, रक्त, केस यांचे नमुने वेगवेगळे बांधून लाखेचं सील, आणि सीलचा ठसा कागदावर. नमुने जबलपूरच्या वन्यजीव न्यायवैद्यक केंद्रात, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत जातात. आरोपीला 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं.

आता हे कुठे फसतं? ओलं मांस प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की सडतं आणि अहवाल येतो, "प्रजाती निश्चित करता आली नाही." पंचनाम्यात वेळ सकाळी आठची, आणि एम-स्ट्राइप्सवर तेच पथक आठ वाजता दुसऱ्या बीटमध्ये. पंच म्हणून नेहमी विभागाचेच मजूर. न्यायालयात पुरावा म्हणून टिकावी अशी साक्ष वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 50 प्रमाणे सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमोर नोंदवायला हवी, ती नोंदवली भलत्यानंच. बचावपक्षाचा वकील नेमकं इथं बोट ठेवतो. मग पाच-सात वर्षांनी, बदली होऊन तीनशे किलोमीटर लांब गेलेल्या गार्डला साक्षीला बोलावतात आणि सीलचा क्रमांक विचारतात. म्हणून जुने गार्ड आपली डायरी निवृत्तीनंतरही जपून ठेवतात.

वाघाच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मृत्यू शिकारच मानला जातो, आणि शवविच्छेदनानंतर नख-मिशीसकट संपूर्ण शव सर्वांदेखत जाळलं जातं.

शिक्षा किती?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या, प्राण्याची शिकार: 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रात शिकार: 3 ते 7 वर्षं आणि 50,000 ते 2 लाख रुपये. तोच गुन्हा पुन्हा केला तर किमान 7 वर्षं आणि 5 ते 50 लाख रुपये.

वास काढणारी कुत्री खरंच उपयोगी पडतात?

फार. आणि त्यातली बरीच आपल्या शेजारी, ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला, सीमा सुरक्षा दलाच्या श्वानप्रशिक्षण केंद्रात तयार झाली आहेत. वाघाचं कातडं, हाडं, बिबट्याचं कातडं असे वास त्यांना शिकवतात. घटनास्थळावरून आरोपीच्या घरापर्यंत माग काढणं हे त्यांचं दुसरं काम. अट एकच, श्वानपथक पोचेपर्यंत गर्दीनं जागा तुडवलेली नसावी.

पारधी आणि बहेलिया हेच शिकारी असतात, असं ऐकतो.

टोळ्यांतले काही जण या समाजांतून आलेले आहेत, हे खरं. पण संपूर्ण जमातीवर शिक्का मारणं हा इंग्रजांच्या गुन्हेगारी जमाती कायद्याचा वारसा आहे, आणि त्यानं गार्डचं काम सोपं होत नाही, अवघड होतं. खबर गावातूनच येते. ज्याला तुम्ही चोर ठरवलंत तो तुम्हाला काही सांगणार नाही. पन्नात 2009 पर्यंत वाघ संपले होते. कान्हा-बांधवगडहून वाघ आणून ते जंगल पुन्हा उभं राहिलं, आणि तिथं पारधी तरुण आज पर्यटकांना जंगल दाखवतात.

चोरल-जानापावला फिरताना फास दिसला तर आम्ही काय करायचं?

ओढून काढू नका. एक दिसला म्हणजे आसपास आणखी असणार, आणि तार विजेची असू शकते. आल्या पावलांनी मागं या, लांबून दोन फोटो घ्या, लोकेशन जतन करा आणि जवळच्या रेंज ऑफिसला किंवा 112 ला कळवा. तार विजेच्या खांबाकडे जात असेल तर 1912 वर वीजकंपनीलाही. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका: गार्ड तिथं दबा धरून बसणार असेल तर तुमची पोस्ट शिकाऱ्याला आधी कळते. खबर देताना आपलं नाव गुप्त ठेवायला सांगा.

शहरात राहून आणखी काही?

बाजारात डोळे उघडे ठेवा. पूजासाहित्यात वनस्पतीचं मूळ म्हणून विकली जाणारी हत्थाजोडी बहुधा घोरपडीचं जननेंद्रिय असते. घोरपड अनुसूची एकमध्ये आहे. दिवाळीआधी घुबडं, धनलाभाच्या नावाखाली मांडूळ, पिंजऱ्यातले देशी पोपट, मुंगसाच्या केसांचे ब्रश, हे सगळं बेकायदा आहे. घेणारा थांबला की फास लावणाराही थांबतो. सफारीतला वाघाचा फोटो टाकताना जागेचं नाव आणि वेळ काढून टाका.

मुलीला या नोकरीत जायचं आहे. तयारी कशी करावी?

वनरक्षक भरती भोपाळच्या कर्मचारी चयन मंडळाच्या परीक्षेतून होते, तर रेंजर व सहायक वनसंरक्षक राज्य वनसेवा परीक्षेतून येतात. ती घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचं कार्यालय आपल्या इंदुरातच आहे. वनरक्षकाच्या चालण्याच्या चाचणीत पुरुषांना 4 तासांत 25 किलोमीटर आणि महिलांना 14 किलोमीटर जावं लागतं. मुलं धावण्याचा सराव करतात आणि चालण्यात फोडांमुळे मागं पडतात. किमान सहा आठवडे, जे बूट चाचणीला घालायचे तेच घालून, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालावं. मोजे सुती नकोत, ओले राहतात. जाहिरात आली की अटी तिच्यातूनच वाचाव्यात, कोचिंगच्या जुन्या पत्रकातून नाही.

गार्ड आणि श्रमिकांना वस्तू द्यायच्या आहेत. काय द्यावं?

आधी डीएफओ किंवा अभयारण्य अधीक्षकांना लेखी विचारा आणि कॅम्पनिहाय यादी घ्या. न विचारता नेलेल्या घोंगड्या मे महिन्यात धूळ खात पडतात. उपयोगी पडतात त्या वस्तू अशा: घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे जंगलबूट, मापं मागवून (चामडी बूट पावसाळ्यात कुजतात, गमबूट चढावर पाय सोलतात), छत्री नको, पाँचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात, लाल उजेडाची सोय असलेला हेडलॅम्प, दिवसभर ॲप चालवायला 20,000 एमएएचची पॉवरबँक आणि ती भरायला सोलर पॅनेल, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, ओआरएस, वीज न लागणारा पाण्याचा फिल्टर, आणि त्याच्या दोन सुट्या कँडल, कारण कँडल चिरली की फिल्टर कोपऱ्यात जातो. रोख रक्कम कोणाच्या हातात देऊ नका. यादीत श्रमिकांची नावं आणि मापं आहेत का ते मात्र नक्की पाहा. बऱ्याचदा फक्त गार्डचीच असतात.